लाईनचा दिवा

गल्लीत लाईट गेली की माणसं आधी थांबणाऱ्या पंख्याकडे बघत, मग खिडकीतून समोरच्या घराकडे बघत, आणि समोरच्याचीही गेली आहे असं समाधान झालं की चपला पायात सरकवून लाईटकाकांच्या पायरीकडे निघत.

"काका, कधी येणार?"

काका लगेच उत्तर देत नसत. नाडी हातात धरल्याबरोबर डॉक्टर तरी कुठे बोलतो? ते पायरीवरून उठून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जात. पाण्याच्या टाकीवरचा लाल दिवा चालू आहे का ते बघत, पलीकडच्या रस्त्यावरचे खांब बघत, आणि जाताना लाईट डोळे मिचकावून गेली की सरळ उठून गेली, हे डोळे मिटून आठवत. मग परत येऊन पायरीवर बसत आणि निकाल देत.

"जंपर तुटलाय. अर्ध्या तासात येईल." किंवा, "केबल आहे. जेवून घ्या."

जंपर म्हणजे खांबावरच्या दोन तारा जोडणारा छोटा तुकडा आणि केबल म्हणजे जमिनीखालची जाड तार, हे गल्लीत आता सगळ्यांना पाठ झालं होतं. काकांचा निकाल बहुतेक वेळा बरोबर निघे. चुकलाच तर ते म्हणत, "मधेच दुसरा फॉल्ट आला," आणि या निकालावर अपील नसे.

ही विद्या त्यांनी सबस्टेशनात मिळवली होती. शहराच्या कडेला, ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीत, त्यांनी ऑपरेटर म्हणून अख्खी नोकरी काढली. समोर मोठमोठ्या स्विचांची रांग, एक टेबल, एक खुर्ची आणि एक टेलिफोन. एकेक स्विच म्हणजे शहराचा एकेक तुकडा. त्याला म्हणायचं फीडर. विजेचा तुटवडा पडला की वरून हुकूम यायचा, अमका फीडर बंद करा. काका उठत, चष्मा पुसत, खाकरत, फीडरचं नाव मोठ्यानं उच्चारत आणि मगच हात घालत. खोलीत दुसरं काळं कुत्रं नसलं तरी नाव उच्चारायचंच. कानानं ऐकलं की हात चुकत नाही, अशी तिथली शिस्त होती. त्यानंतर टेलिफोन वाजे आणि शहर त्यांना शिव्या देई. काका सगळ्या ऐकून घेत.

"ज्याच्यावाचून अडत नाही, त्याला कोण शिव्या देतंय?" ते घरी येऊन म्हणत.

एकदा हुकूम त्यांच्याच गल्लीच्या फीडरचा आला. काकांनी तोही बंद केला. पाठोपाठ फोन वाजला.

"लाईट का घालवलीत?" पलीकडून बाईचा आवाज आला. "माझा मिक्सर अर्ध्यात थांबलाय."

"वरून ऑर्डर आहे, बाई."

"तुमचं नाव सांगा. मी तक्रार करणार आहे."

काकांनी आवाज ओळखला होता. तरी त्यांनी सरकारी आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं. पलीकडे मिक्सरचं झाकण आपटल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाल्या, "बरं. संध्याकाळी घरी या. तक्रार तोंडीच करते."

निवृत्त होताना कचेरीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी ते घेतलं आणि शिवाय एक गोष्ट मागून घेतली. लाल पत्र्याची एक जुनी पाटी, वर तारेचा आकडा. पाटीवर लिहिलेलं होतं, 'माणसं कामावर आहेत. स्विच लावू नये.' कोणी खांबावर चढलं असेल तर खाली स्विचला ही पाटी अडकवायची. आणि तिचा कायदा असा, की ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. दुसऱ्या कुणी नाही, साहेबानं नाही, साहेबाच्या साहेबानंही नाही. काका हा कायदा घरीही पाळत. काकू स्टुलावर चढून पंखा पुसायला लागल्या की काका पाटी घेऊन मेन स्विचकडे धावत. काकूंनी एकदा कंटाळून ती स्वतःच काढली होती. तेव्हा काकांनी जे भाषण दिलं, ते संपेपर्यंत पंखा पुन्हा पुसायला आला होता, असं काकू सांगत.

तर अशा घरात सून आली, आणि ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली निघाली.

सून आतल्या खोलीत बसून नोकरी करायची. कुठल्या तरी दूरच्या कंपनीच्या यंत्रांमधल्या चुका शोधायच्या आणि दिवसातून एकदोनदा त्या लोकांना स्क्रीनवर तोंड दाखवायचं. नेमकी बोलायला लागली की लाईट जायची. तिकडे तिचं चित्र उघड्या तोंडानं थिजून राहायचं. एकदा ती असं थिजली आणि पुन्हा जागी होईपर्यंत तिचं आवडतं काम दुसऱ्या कुणाला देऊनही झालं होतं.

त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय. गच्चीवर सोलरची पॅनल लावायची आणि जिन्याखाली बॅटरी. लाईट गेली तरी आपलं घर चालू राहील."

काकांचा घास हातातच राहिला. "आपल्या घरात? मी जन्मभर लोकांना सांगत आलो, येईल, धीर धरा. आणि माझ्याच घरात बॅटरी? वैद्यानं शेजारून काढा आणल्यासारखं झालं हे! लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, उशिरा का होईना, अक्कल आली," काकू म्हणाल्या.

मुलगा वादात पडला नाही. तो एकाचा मुलगा होता आणि एकीचा नवरा होता. अशा माणसानं ताटात बघून जेवावं, एवढं त्याला कळत होतं.

काकांनी जाहीर केलं की या भानगडीत ते एक शब्द बोलणार नाहीत. हा निश्चय रविवारपर्यंत टिकला. रविवारी सून गच्चीवर जाऊन खडूनं रेघा मारू लागली, तेव्हा काका वाळत घातलेली चादर बघण्याच्या निमित्तानं वर गेले. चादर केव्हाच वाळली होती.

"तिथे नको," ते म्हणाले. "टाकीची सावली येईल."

"तुम्ही बोलणार नव्हता ना, बाबा?"

"मी तुझ्याशी बोलत नाहीये. टाकीला सांगतोय."

"मग टाकीला हेही सांगा, की तिच्या सावलीची कड मी सकाळपासून आखतेय. ही बघा. ती इथपर्यंत येते, आणि पॅनल तिच्या अलीकडे आहेत."

काकांनी खाली वाकून रेघा बघितल्या. रेघा बरोबर होत्या. ते उगाच एका रेघेवरून बोट फिरवत म्हणाले, "बरं. अर्थिंग कुठे देणारेस?"

"मागच्या अंगणात खड्डा घेऊन."

"कोरड्या मातीत?"

सून थांबली. "तेच तुम्हाला विचारणार होते."

एवढं म्हणायचा अवकाश, काका खाली जाऊन कुदळ शोधायला लागले होते. वीज वाट चुकलीच तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून अर्थिंग, आणि जमीन ओली असेल तरच ती वाट मोकळी. काकांनी खड्ड्यात पाणी सोडायला पाईपचा तुकडा बसवला आणि त्या खड्ड्याची अशी काही निगा राखायला लागले, की काकू म्हणाल्या, "तुळशीला घातलं असतं एवढं पाणी तर जंगल झालं असतं."

बसवणारा फिटर आला त्या दिवशी काकांनी घरातले कपडे सोडून पँट घातली. मेन स्विच बंद केला, खाकरले, "घर फीडर, बंद!" असं मोठ्यानं म्हणाले आणि लाल पाटी अडकवली. फिटरनं हे असलं कधी बघितलं नव्हतं. पॅनल चढली, तारा खाली आल्या, जिन्याखाली बॅटरी बसली आणि शेजारी पांढरा डबा. लाईट गेली की घर बॅटरीवर घ्यायचं आणि आली की परत लाईनवर सोडायचं, हे काम त्या डब्याचं. काका प्रत्येक स्क्रू स्वतः एकदा पिळून बघत होते.

"म्हणजे आता हा सूर्याचा फीडर," ते सुनेला म्हणाले. "पण याचं भारनियमन रोज संध्याकाळी, हे लक्षात ठेव."

"म्हणूनच बॅटरी आहे, बाबा."

दुपारी काम संपलं. फिटरनं हात पुसले. "लावू स्विच?"

तेव्हा कळलं की काका घरात नाहीत. मधल्या वेळात काम नाही असं बघून ते दाढीला गेले होते, आणि पाटी स्विचवर लटकत होती.

"मी काढतो की," फिटर म्हणाला.

"नको!" सासू आणि सून एकदमच ओरडल्या.

पंखे बंद, घामाच्या धारा, जिन्याखाली नवी कोरी बॅटरी, आणि तिघं त्या पाटीकडे बघत बसलेले. शेवटी सून उठली आणि न्हाव्याच्या दुकानात गेली. थोड्या वेळानं काका आले, एका गालावर साबण आणि गळ्यात न्हाव्याचं फडकं. त्यांनी गंभीरपणे पाटी काढली, "घर फीडर, चालू!" म्हणाले, स्विच लावला आणि उरलेला गाल करायला परत गेले.

आता लाईट जायची वाट बघणं आलं. आणि लाईट जाईना. जी रोज न चुकता जायची, ती घरजावयासारखी ठाण मांडून बसली. सून जाता-येता डब्याकडे बघे. मुलगा ऑफिसातून आल्यावर पहिला प्रश्न विचारी, "गेली?" काकू म्हणाल्या, "आपण विकत घेतलं म्हणजे आता ती सुधारणार. छत्री घेतली की पाऊस पडत नाही, तसलंच हे."

मग एका दुपारी काका पंख्याखाली वर्तमानपत्र वाचत बसलेले असताना समोरच्या शिकवणीवाल्या बाई पायरीशी आल्या. गल्लीतली निम्मी मुलं त्यांच्याकडे गणित शिकायला असत. त्यामुळे बाईंना प्रत्येक उत्तर पायरी-पायरीनं लागे.

"काका, कधी येणार?"

"कोण?"

"लाईट."

"ती कुठे गेलीय?" काका म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काकांच्या डोक्यावरच्या फिरत्या पंख्याकडे बघितलं. काकांनीही वर बघितलं. मग ते उठून दारात आले. समोरच्या घरातला पंखा थांबला होता. शेजारचाही थांबला होता. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला टपरीबाहेर येऊन टॉवेलनं वारा घेत होता.

"बराच वेळ झाला," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

डब्यानं आपलं काम इतकं सफाईदार केलं होतं, की पंखा एक गिरकीसुद्धा चुकला नव्हता. लाईट गेल्यावर डबा बारीक शिटी वाजवायचा, पण ती शिटी मीटिंगमध्ये ऐकू जाते म्हणून सुनेनं बंद करून टाकली होती. जाताना लाईटनं डोळे मिचकावले होते की नव्हते, काकांना ठाऊक नव्हतं. नाडी बघायला हात पुढे करावा आणि हातच नसावा, तसं झालं.

"केबल असेल," ते म्हणाले. तेवढ्यात लाईट आली.

गल्लीला बातमी लागायला कितीसा वेळ? संध्याकाळी काका कोपऱ्यावर गेले तर इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला उभी केली आणि अदबीनं विचारलं, "काका, यापुढे लाईट गेली की तुम्हाला आमच्याकडून निरोप पाठवू का?"

"पाठव. आणि कपडे जाळू नकोस, तिकडे लक्ष दे," काका म्हणाले खरे, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सून म्हणाली, "बाबा, ॲप आहे ना. तुमच्या फोनवर घालून देते. लाईट गेली की फोन सांगेल."

"फोन सांगणार आणि मी ते लोकांना सांगणार? मग ते मला कशाला विचारतील, फोनला विचारतील."

पायरी ओस पडायला लागली. लाईट गेली की लोक इस्त्रीवाल्याकडे वळू लागले, कारण इस्त्रीसारखी खादाड वस्तू बॅटरीवर चालत नाही, म्हणून लाईट गेल्याचं पहिलं दुःख त्यालाच होई. इस्त्रीवाला काकांची नक्कल करत टाकीच्या दिव्याकडे बघे आणि म्हणे, "जंपर!" त्याचं दहादा चुकायचं, पण लोकांना विचारायला माणूस लागतो, बरोबर उत्तर नंतर.

मग काकांनी दुसरा मार्ग धरला. लाईन हातातून गेली, निदान बॅटरी तरी आपल्या ताब्यात ठेवावी. जिन्याखाली खुर्ची टाकून ते डब्यासमोर बसू लागले आणि त्यांनी घरातल्या घरात भारनियमन सुरू केलं. "हॉल फीडर, बंद!" मुलगा हॉलमध्ये दाढी करत होता. "स्वयंपाकघर फीडर, बंद!" अंधारातून काकूंचा आवाज आला, "तक्रार तोंडीच करू का आत्ता?"

आणि एके दिवशी भर दुपारी ते म्हणाले, "आतली खोली फीडर, बंद!"

आतून सून बाहेर आली. तिच्या कानात अजून हेडफोन होते. "कोणी बंद केलं?"

"मी. रीतसर पुकारलं होतं."

"मला कसं ऐकू येईल, बाबा? कानात हे आहे!"

"सबस्टेशनात कानात काही घालायला बंदी होती. बॅटरी निम्म्यावर आली होती, म्हणून लोड कमी केला."

"निम्म्यावर येत नव्हती, बाबा, निम्म्यावरून वर जात होती! बाहेर ऊन बघा किती आहे. ती भरत होती!"

काकांनी दाराबाहेर बघितलं. ऊन रणरणत होतं. जन्मभर एका बंद खोलीत काटे बघून काम केलेल्या माणसाला, आकाशाकडेही बघायचं असतं हे सुचलंच नव्हतं.

सून आत निघून गेली. तिची मीटिंग गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिन्याखाली आले तर डब्याच्या शेजारी, घराच्या स्विचांच्या पेटीवर लाल पाटी लटकत होती. 'माणसं कामावर आहेत. स्विच लावू नये.'

"ही कोणी लावली?"

"मी," सून आतून म्हणाली. "माणसं कामावर आहेत. मी."

काकांनी हात पुढे केला. हात पाटीपर्यंत गेला, थांबला आणि मागे आला. कायदा त्यांचाच होता. ते खुर्ची उचलून घेऊन गेले.

"शाब्बास गं," काकू सुनेला हळूच म्हणाल्या. "मला इतक्या वर्षांत नाही सुचलं." मग भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "पण एक सांगू? त्यांचं तुझ्या बॅटरीशी भांडण नाही. लग्न झाल्यापासून बघतेय, रोज कुणी ना कुणी त्यांना विचारतं, कधी येणार. फोनवर शिव्या देऊन विचारतं, पायरीवर बसून विचारतं. आता कोणी विचारत नाही. माणूस रिकामा झाला की असा स्विचांशी खेळतो."

सुनेनं हे ऐकून घेतलं. पण पाटी मात्र तिनं काढली नाही.

काका आता दुपारी इस्त्रीवाल्याच्या टपरीत जाऊन बसू लागले. कारण तिथे लाईट गेली की कळायचं.

"काका, घरात एवढा गार वारा सोडून माझ्या भट्टीत?" इस्त्रीवाला म्हणे.

"तुझी वायर गरम होते, ती बघायला येतो," काका म्हणत. खरोखर होतही होती. त्यांनी त्याला ती बदलायला लावली. तरी लाईट गेली की लोक यायचे ते इस्त्रीवाल्याला विचारायचे, आणि काका मागे स्टुलावर बसून ओठ मिटून ऐकायचे. इस्त्रीवाला "जंपर" म्हणायचा आणि मग चोरून मागे बघायचा. काका मान हलवायचे, नाही.

इकडे सुनेचं बघून शिकवणीवाल्या बाईंनीही बॅटरी बसवली. मग त्यांच्या शेजाऱ्यांनी. बघता बघता गल्लीतल्या बऱ्याच घरांत पांढरे डबे आले आणि नवीनच गंमत सुरू झाली. लाईट गेली आहे हे कोणाला कळेनासं झालं. लाईन आहे असं समजून माणसं खुशाल पाण्याची मोटर लावायची. बॅटरी बिचारी आपली म्हणून जीव तोडून मोटर ओढायची आणि थोड्या वेळात आडवी व्हायची. शिकवणीवाल्या बाईंच्या घरात तर संध्याकाळी ऐन परीक्षेच्या तोंडावर, फळ्यावर उत्तराची शेवटची पायरी लिहायची तेवढी बाकी असताना अंधार झाला. मुलांनी आनंदानं आरोळी ठोकली. बाई बाहेर आल्या आणि धावत इस्त्रीवाल्याकडे गेल्या. टपरीला कुलूप होतं. तो कपडे पोचवायला गेला होता.

काका आपल्या दारात उभे राहून हे सगळं बघत होते. लाईट केव्हा गेली हे बाईंना माहीत नव्हतं, त्यांनाही माहीत नव्हतं. अख्ख्या गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं. ते तसेच वळले आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन खाकरले. सुनेनं हेडफोन काढले.

"तुझी पाटी काढ," ते म्हणाले.

"कशाला, बाबा? पुन्हा भारनियमन?"

"नाही. मला एक वायर हवीय. तुझ्या डब्याच्या आधीची. लाईन घरात येते तिथून सरळ. त्यावर एक दिवा, बाहेर, दारावर. लाईन आहे तोवर तो चालू, लाईन गेली की तो बंद. त्याला बॅटरीचा एक थेंब द्यायचा नाही. सबस्टेशनात प्रत्येक फीडरला असायचा असा एक दिवा. अख्खं पॅनल खोटं बोललं तरी तो खोटं बोलायचा नाही."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून हसायला लागली. "मी इतकी आखणी केली, बाबा, आणि घराला लाईन गेल्याचं कळायला काहीतरी लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी शिटीसुद्धा बंद केली!"

"माझ्या तरी कुठे आलं?" काका म्हणाले. "मला वाटत होतं, मीच तो दिवा आहे."

तिनं पाटी काढली. मग काकांनी मेन स्विच बंद करून तीच पाटी स्वतः लावली, आणि दोघांनी मिळून वायर ओढली. त्या दिव्यासाठी सुनेनं वेगळा छोटा स्विच बसवला. बल्ब कोणता, यावर थोडी खडाजंगी झाली. सुनेला नवा एलईडी हवा होता. काका जुन्या पिवळ्या, तारेच्या बल्बवर अडून बसले. "तुझा एलईडी लाईन अर्धमेली झाली तरी हसतच राहतो. हा पडेल तोंडानं सांगतो, दाब कमी झालाय म्हणून." हे सुनेला पटलं.

दारावरचा तो पिवळा दिवा दिवसाही जळताना बघून पहिल्या दिवशी दोघातिघांनी येऊन सांगितलं, काका, दिवा बंद करायचा राहिलाय. प्रत्येकाला काकांनी पायरीवर बसवून समजावलं. आठवड्याभरात गल्लीला सवय लागली. मोटर लावण्याआधी बाई खिडकीतून दिव्याकडे बघायच्या. दिवा मंद असला की पलीकडचे आजोबा आपला फ्रिज बंद करायचे. आणि दिवा विझलेला दिसला की चपला सरकायच्या आणि पायरी भरायची. आता अंधार नसायचा, घाम नसायचा, घरोघरी पंखे फिरत असायचे, पण तरी माणसं यायची. "काका, मोटर लावू?" "थांबा." "काका, कधी येणार?" काका उठून कोपऱ्यापर्यंत जायचे, टाकीचा लाल दिवा बघायचे आणि परत येऊन निकाल द्यायचे. इस्त्रीवाला सरळ म्हणू लागला, "मला विचारू नका, हायकोर्टात जा."

एका संध्याकाळी दिवा विझला.

बाईंनी मोटर थांबवली. आजोबांनी फ्रिज बंद केला. माणसं पायरीवर जमली. काका कोपऱ्यावर जाऊन आले. टाकीचा दिवा चालू, पलीकडचे खांबही चालू. "आपल्यापुरतीच गेलीय," त्यांनी सांगितलं. "जंपर. अर्ध्या तासात येईल." सगळे समाधानानं बसले. सूनसुद्धा काम संपवून बाहेर येऊन सगळ्यांत खालच्या पायरीवर टेकली.

तेवढ्यात इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं घेऊन आला. "कसली सभा चाललीय?"

"लाईट गेलीय. जंपर आहे," बाई म्हणाल्या.

"कुठे गेलीय? माझी इस्त्री लालबुंद तापलीय आत्ता."

सगळ्यांच्या माना वर गेल्या आणि मग हळूहळू काकांकडे वळल्या. काकांचे कान तापले. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

"सूनबाई, पाटी."

सुनेनं आत जाऊन दिव्याचा स्विच बंद केला, पाटी लावली आणि येऊन पुन्हा पायरीवर बसली. काका स्टुलावर चढले. त्यांनी बल्ब काढला आणि कानाशी धरून हलवला. आत तुटलेली तार किणकिणली. ती सगळ्यांना ऐकू आली.

"गेला," काका म्हणाले.

पहिली हसली ती सून. मग बाई हसल्या, मग आजोबा, आणि मग इस्त्रीवाल्याला गाठोडं खाली ठेवावं लागलं. काका स्टुलावर तसेच उभे होते, हातात बल्ब. हसण्याची लाट थोडी ओसरली तेव्हा इस्त्रीवाल्यानं डोळे पुसत विचारलं, "काका, मग हा कधी येणार?"

काकांनी कोपऱ्याकडे बघितलं, टाकीच्या लाल दिव्याकडे बघितलं, जराही न हसता निकाल दिला, "दुकान उघडं असेल तर आत्ताच. नाहीतर जेवून घ्या."

काकांनी मुलाला दुकानात पिटाळलं. काकू दारात आल्या. "लाईट आहे ना सगळीकडे? मग बसलाय कशाला? जा की घरी, मोटरी लावा!"

"बल्ब येऊ दे," बाई म्हणाल्या आणि सरकून इस्त्रीवाल्याला बसायला जागा केली. "काका, ते तुमच्या मिक्सरच्या फोनचं सांगा ना परत."

"मी सांगते," काकू म्हणाल्या. "ते चुकीचं सांगतात." आणि त्याही बसल्या.

मुलगा बल्ब घेऊन आला. काकांनी तो लावला, स्टुलावरून उतरले आणि म्हणाले, "हं, सूनबाई. पाटी तुझी आहे."

"उठते, बाबा," सून म्हणाली, पण काकूंच्या गोष्टीत फोन नुकताच वाजला होता, आणि ती काही उठली नाही.